बिजलीरावाचा उलटा ब

आपल्या वडिलांनी पस्तीस वर्षांत एकाही पाटीखाली स्वतःचं नाव टाकलेलं नाही, ही गोष्ट त्या आठवड्यात भावनाच्या डोक्यातून काही केल्या जाईना. गोष्ट नवी नव्हती. अख्ख्या बदनापूरला माहीत होती. स्टेशनाजवळचं खतांचं दुकान, दोन दवाखाने, बुद्धविहाराची कमान, मच्छिंद्रचं सलून, कितीतरी ट्रॅक्टरांच्या मागची अक्षरं, सगळं भिवा पेंटरच्या हातचं. दुसरे पेंटर पाटीच्या खालच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकतात, आता तर मोबाईल नंबरही टाकतात. भिवाचा कोपरा रिकामा. मच्छिंद्रने एकदा त्याला डिवचलंही होतं, "भिवाभाऊ, पाटी चोरीची हाय का? नाव का न्हाई टाकलं?" तर हा म्हणाला, "दुकान तुझं, केसं गिऱ्हाइकाची. मी मधी कशाला?"

भावनाला आजवर यात गंमत वाटायची. आता भीती वाटत होती. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे झाले होते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, शिडी सुटली होती. हा माणूस एक दिवस जाईल आणि त्याने केलेलं सगळं गावभर उभं राहील, पण त्यातलं काहीच त्याचं नसेल. भाजी निवडताना, जालन्याच्या गाडीत उभ्याने जाताना, शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना तिच्या मनात हेच यायचं.

काळजी करणं तिला नवं नव्हतं. इतिहास घेऊन बी.ए. झालेली, शाळेत ग्रंथपाल, गावात चार माणसं तिचा सल्ला घेणारी. पण पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीचा, मोनालीचा, फोन रोजच्या नऊ वाजता न येता भलत्या वेळी आला की हिच्या हातातलं काम गळून पडायचं. म्हणून मोनालीने सवयच लावून घेतली होती. त्या रविवारी दुपारी फोन आला तेव्हाही पहिलं वाक्य तेच होतं.

"आई, घाबरू नकोस, मला काही झालेलं नाही."

"मग काय झालं?"

"तुझा बिजलीराव इथं माझ्या टेबलावर आहे."

भावना खुर्चीवर बसली. मोनाली लहान असताना तिला झोपवताना ती बिजलीरावाच्या गोष्टी सांगायची. खांद्यावर घोंगडी, हातात रबरी मोजे, विजेच्या तारांवरून चालत गावोगाव फिरणारा माणूस. मोनालीला वाटायचं, आईच मनाने रचते. भावनानेही कधी खुलासा केला नव्हता, कारण घरात बिजलीरावाचं नाव काढलं की बाबा उठून बाहेर जायचे.

मोनाली चित्रांची मांडणी करण्याचं काम करते. लहान गावांत छापलेल्या जुन्या मराठी पुस्तिकांचं एक प्रदर्शन पुण्यात भरणार होतं, त्याचं काम तिच्याकडे आलं होतं. कुणीतरी रद्दीतून गोळा केलेल्या दहा पातळ पुस्तिका तिच्या टेबलावर आल्या, गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदाच्या. वर नाव, बिजलीराव. छातीवर एक विचित्र अक्षर. हे अक्षर तिने आजोबांच्या हत्यारांच्या डब्यावर पाहिलं होतं.

"आई, शेवटच्या अंकावर छापलंय, लेखक व चित्रकार अप्पाराव. हे अप्पाराव कोण?"

"प्रेसचे मालक."

"मग हे आजोबांनी केलेलं नाही?"

"मोनाली, त्यातला प्रत्येक कागद आमच्या घरात वाळलाय. दोरीवर. मी दहा वर्षांची होते."

मग मोनाली म्हणाली की प्रदर्शनाची माहितीपुस्तिका शुक्रवारी सकाळी छपाईला जाणार आहे. तिच्यात अप्पारावांचं नाव लागलं की ते पक्कं झालं. पुढे जो कुणी लिहील तो त्यावरूनच लिहील. "आजोबांनी फक्त हो म्हणू दे. बाकी मी बघते."

भावना तशीच उठून दोन गल्ल्या पलीकडे वडिलांकडे गेली. भिवा ओट्यावर बसून वाळून कडक झालेला ब्रश रॉकेलमध्ये भिजवत होता. काम बंद झालं तरी ब्रश धुणं बंद नव्हतं. तिने फोन त्याच्या पुढ्यात धरला. त्याने तो डाव्या डोळ्याजवळ नेला, एकेक चित्र बोटाने सरकवलं, आणि बोलला.

"सातव्या अंकाला शाई फिकी आल्ती. अजून बी फिकीच हाय."

"बाबा, हे पुण्यात लागणार आहे. लोक तिकीट काढून बघायला येणार आहेत."

"त्यायला काय काम न्हाई का?"

पण फोन त्याने परत दिला नाही. आणि त्या दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तो उठून बाहेरही गेला नाही.

जालन्यात मोंढ्याच्या मागे अप्पारावांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, उरुसाची आणि जयंतीची हँडबिलं. भिवा तिथे ट्रेडल, म्हणजे छपाईचं मशीन, चालवायचा. अक्षरं जुळवायला, म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून ओळीत बसवायला, कडूबा होता. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या शेतकरी घरातला, भिवापेक्षा दोन वर्षांनी मोठा, मॅट्रिक झालेला, बोलायला तिखट. सत्याऐंशी साली एका दुपारी लाइट गेली आणि मशीनची मोटर बंद पडली. पत्रिका संध्याकाळी द्यायच्या होत्या. भिवाने मोटरचा पट्टा काढला आणि पायाने मशीन मारायला सुरुवात केली. तीन तास मारलं. कडूबा खिळ्यांच्या पेटीपुढे उभा राहून म्हणाला, "अरे ह्यो तर आपला बिजलीराव. सरकारची गेली, ह्याची चालू."

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून बिजलीरावाला घोंगडी दिली, मोजे दिले आणि गावही दिलं. रात्रीच्या पाळीची वीज आली की मोटर चालू करायला जाणारा सालगडी. एकदा हात तारेला लागतो, आणि मरायच्या ऐवजी तो तारेवर चढतो. त्याला उडता मात्र येत नव्हतं. याचं कारण भिवाने लेकीला आता सांगितलं. "उडणारा माणूस म्हणलं की आभाळ आलं. लिनोवर आभाळ दाखवायचं म्हंजी नुसतं खरवडत बसायचं. कोण खरवडंल? म्हणलं, तारेवरून चाल बाबा."

चित्रांचे धातूचे ठसे, म्हणजे ब्लॉक, करून आणायची ऐपत नव्हती. एका बंद पडलेल्या ऑफिसच्या जमिनीवरचा लिनो, रबरासारखा मऊ थर, भिवाने उचलून आणला होता. छत्रीची काडी घासून तिला धार लावली, आणि तिने तो चित्रं कोरायचा. अशा कोरीव कामात सगळं उलटं करावं लागतं. उजवा हात डावीकडे कोरला तर कागदावर उजवीकडे उमटतो. पहिल्या अंकाच्या सोळा पानांत भिवाने घरं उलटी कोरली, बैल उलटे कोरले, तारांचे खांबसुद्धा बरोबर फिरवले. फक्त बिजलीरावाच्या छातीवरचा ब त्याने हाताच्या सवयीने सरळ कोरला. दोनशे प्रती छापून झाल्या आणि कडूबाने एक उचलून उजेडात धरली. ब ची दांडी डाव्या बाजूला, पोट उजव्या बाजूला.

"भिवबा, तुझा हिरो कॉन्व्हेंटमधी गेला का रं? हे तर इंग्रजीतलं पी झालं."

सगळा छापखाना हसला. भिवाला कागद फाडून टाकावेसे वाटले. पण कागद होता पत्रिकांच्या कापणीतून उरलेला, महिनाभर साठवलेला. दुसरा मिळणार नव्हता. पुस्तिका तशाच एसटी स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे गेल्या.

दुसऱ्या अंकाची गोष्ट कडूबाने जुळवली. त्याने आयुष्यात कधी गोष्ट कागदावर लिहिली नाही. खिळ्यांच्या पेटीसमोर उभा राहायचा आणि थेट शिशात लिहायचा. या दुसऱ्या गोष्टीत एक लबाड ठेकेदार नकली बिजलीराव उभा करतो. तशीच घोंगडी, तसेच मोजे. गाव फसतं. शेवटी एक म्हातारी विहिरीवर पाणी शेंदताना त्या नकल्याचं प्रतिबिंब बघते आणि ओरडते की हा आपला नव्हे. आपल्या बिजलीरावाचा ब पाण्यात सरळ दिसतो आणि अंगावर उलटा. ह्याचा अंगावरच सरळ आहे.

भावना ओट्यावर मांडी घालून ऐकत होती. ही गोष्ट तिला पाठ होती. लेकीला तिने ती शंभर वेळा सांगितली होती. पण ती एका माणसाने दुसऱ्या माणसाची चूक झाकायला रचली होती, हे तिला आज कळत होतं. झाकायला तरी कसं म्हणावं. चूक त्याने सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभी केली होती, आणि तीच खऱ्याची खूण करून ठेवली होती.

"पुण्यातले लोक म्हणतात, ते उलटं अक्षर मुद्दाम केलेलं आहे. त्याचा काहीतरी मोठा अर्थ आहे."

"अर्थ कसला. गधडेपणा व्हता माझा," भिवा म्हणाला. "अर्थ त्यानं घातला."

मग तिने मुद्द्याला हात घातला. नाव द्यायचं का? भिवाने ब्रश झटकला.

"द्यायचं तर दोघांचं. निम्मं त्याचं हाय. निम्म्याला जास्तच."

"मग दोघांचं देऊ."

"त्याला विचारल्याबगर न्हाई."

"विचारा मग."

"मी न्हाई विचारणार."

दहाव्या अंकाच्या वेळी काय झालं ते तेव्हा त्याने सांगितलं. नऊ अंकांवर कुणाचंच नाव नव्हतं. कुणाला सुचलंच नव्हतं. नव्वद साली एका वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या की जालन्यात असं काही निघतं. अप्पारावांनी चिठ्ठी लिहून कडूबाच्या हातात दिली, लेखक व चित्रकार म्हणून आपलं नाव टाक. कडूबाने जुळवलं. भिवाने मशीनवर पहिला कागद काढला आणि वाचला.

"मालकाचं मला काय वाटलं न्हाई. मालक वाईट न्हवता, रातच्याला मशीन वापरू द्यायचा, कधी न्हाई म्हणला न्हाई. पण जुळवलं ह्याच्या हातानं. मी म्हणलं, कडूबा, तुझ्या बोटाला लाज न्हाई वाटली? तो काय बोलला न्हाई. मी पट्टा काढला अन् घरी आलो."

"नोकरी होती त्यांची, बाबा."

"आता कळतंय. तवा कुठं कळत व्हतं." त्याने ब्रश पुन्हा रॉकेलमध्ये बुडवला. "एकदा आल्ता इथं. त्याण्णव साल आसंल. मी शिडीवर व्हतो, खताच्या दुकानाची पाटी करून राह्यल्तो. खाली उभा राह्यला अर्धा घंटा. मला म्हणतो, भिवबा, चहा घेऊ. मी शिडीवरून उतरलो न्हाई."

सोमवारी मोनालीने दहाही अंकांची पानं पाठवली. जालन्याला जाताना, शाळेत मधल्या सुट्टीत आणि परतीच्या गाडीत भावनाने ती वाचली, फोनवर बोटं ताणून ताणून. लहानपणी ती यांच्याकडे खेळणं म्हणून बघायची. आता तिला एकेक गोष्ट दिसू लागली आणि मग थांबवेनाच. बिजलीराव कधी ओरडत नाही. चोर पळताहेत, ठेकेदार बंदूक काढतोय, आणि हा तारेवर उभा राहून म्हणतो, "मी वर आहे." बस, एवढंच. लहानपणी याच वाक्याला तिच्या अंगावर काटा यायचा. बाबांनी त्याचं कारण आदल्या दिवशी जाता जाता सांगितलं होतं. अख्ख्या छापखान्यात उद्गारचिन्हाचे सहाच खिळे होते. लग्नसराईत "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!" यातच ते सगळे अडकायचे. म्हणून कडूबाने बिजलीरावाला हळू बोलायला शिकवलं. सहा खिळ्यांच्या टंचाईतून एक शांत माणूस तयार झाला होता, आणि तो जालन्याच्या बसस्टँडवर पोरांच्या हातात गेला होता.

पाचव्या अंकाला आल्यावर मात्र तिला गाडीत शेजारच्या बाईने विचारलं, "बरं वाटत न्हाई का ताई?"

पाचव्या अंकात बिजलीराव एका गावात येतो. पाटलाच्या घरावरून, देवळावरून, शाळेवरून तारेने चालत जातो आणि गावाच्या कडेला तार संपते. शेवटचा खांब. पुढे ओढा आणि ओढ्यापलीकडे वस्ती, अंधारातली. भिवा ज्या वस्तीत जन्मला ती अशीच होती. खांब तिथपर्यंत यायला पुढची कितीतरी वर्षं लागली. पुढच्या पानावर बिजलीराव खांबावरून खाली उतरतो. दहा अंकांत एकदाच. जमिनीवर पाय टेकल्यावर त्याच्यात काही ताकद उरत नाही. घोंगडी ओली होते, मोजे गळतात, एक कुत्रं त्याच्यावर भुंकतं. तो ओढा ओलांडतो. पलीकडे एक बाई कंदील घेऊन उभी आहे. ती त्याला बसायला पोतं टाकते. शेवटच्या पानावर दोघं कंदिलाशेजारी बसलेली, बाकी सगळं काळं. आणि सोळाच्या सोळा पानांत एक शब्द नाही. शब्दांच्या जागा कोऱ्या.

संध्याकाळी तिने वडिलांना विचारलं. भिवा लगेच म्हणाला, "लग्नसराई व्हती. खिळे सगळे पत्रिकांत अडकलेले."

"बाबा, वर छापलंय सप्टेंबर अठ्ठ्याऐंशी. पितृपक्षात कुणाची लग्नं लागत होती?"

भिवाने तिच्याकडे बघितलं. हसूही आलं त्याला थोडंसं. लेकीला शिकवल्याचा हा तोटा, अशा अर्थाचं.

"चित्रं मी त्याच्या पुढ्यात ठिवली," तो म्हणाला. "त्यानं दोन दिस हात लावला न्हाई. पेटीपुढं नुसता उभा. तिसऱ्या दिवशी म्हणला, भिवबा, खिळे न्हाईत रे. पेटी भरलेली व्हती. मला दिसत व्हती. त्याला बी माहीत, मला दिसतीय. मी म्हणलं, बरं. आन् तसंच छापलं."

भावना घरी परतली. शब्दांवर जगणाऱ्या माणसाने आपल्याकडे शब्द नाहीत असं खोटं सांगावं, दुसऱ्याने ते खोटं आहे हे ओळखून घ्यावं, आणि दोघांनी मिळून ते छापावं. तिने ग्रंथालयात वीस वर्षं पुस्तकं हाताळली होती. इतकं मोठं काही तिच्या हाती आलं नव्हतं.

बुधवारी तिने रजा टाकली. जालना, अंबड, वडीगोद्री अशा गाड्या बदलत अंतरवाली सराटीला उतरली तेव्हा अकरा वाजले होते. सोयाबीन निघून गेलेलं, रानं रिकामी, कापसाची पहिली वेचणी चाललेली. चौकातल्या चहाच्या टपरीवर तिने कडूबा कंपोझिटरचं घर विचारलं. टपरीवाला म्हणाला, "कडूबा तात्या? ते तर लेकीकडं, परतूरला. दोन वर्सं झाली."

भावना बाकावर बसली. इतक्या लांब येऊन हात हलवत परत जायचं. त्याच वेळी तिची नजर चौकाच्या कडेच्या डीपीवर गेली. डीपी म्हणजे गावाला वीज देणारं ट्रान्सफॉर्मरचं खोकं. त्याच्या पत्र्याच्या दारावर खडूने एक अक्षर काढलेलं होतं. दांडी डाव्या बाजूला, पोट उजव्या बाजूला, वर रेघ.

ती उठून जवळ गेली. खांबावर एक माणूस चढलेला होता. खाली त्याचा जोडीदार चप्पल काढून बसला होता. तो म्हणाला, "मावशे, लांब उभं ऱ्हावा."

"हे काय काढलंय?"

"ती खूण हाय. बिजलीराव."

"म्हणजे काय?"

त्याचं नाव भुजंग. वायरमन, वय तिशीच्या आतबाहेर. त्याने कुठल्याही बाईला समजावून सांगावं तसं सांगितलं. वर चढायच्या आधी खालच्याने लाइन बंद करायची, तार जमिनीला जोडायची, सगळं स्वतःच्या हाताने तपासायचं आणि मगच डीपीवर हा उलटा ब काढायचा. तो दिसला तरच वरचा तारेला हात लावतो. काम झालं, माणूस खाली उतरला, की पुसायचा. "सरळा कुणी बी काढतंय. पोरं काढत्यात, दारुडे काढत्यात. उलटा आपल्यातलाच काढतो."

"हे ऑफिसने सांगितलंय?"

"न्हाई वो. ऑफिसचं येगळं असतंय, ते बी करतो. ही आमची ह्या पट्ट्यातल्यांची हाय. आमचे तातेराव म्हणून जुने वायरमन व्हते, त्यायनी सुरू केली. तरणेपणी कसलं पुस्तक वाचलेलं म्हणं, कडूबा तात्या गावात आणून वाटायचे. मी न्हाई बघितलं ते पुस्तक. बिजलीराव कोण व्हता काय की." त्याने वर बघितलं. "पण तातेरावांच्या हाताखालचं माणूस एक बी दगावलं न्हाई आजपस्तोर."

वर खांबावरचा माणूस तारेवर वाकला होता, उघड्या हातांनी. भावना मान वर करून बघत राहिली. तिच्या वडिलांची छत्रीच्या काडीने झालेली चूक, सगळा छापखाना जिच्यावर हसला ती चूक, खाली खडूने काढलेली होती, आणि तिच्या भरवशावर वर एका माणसाने जीव टाकला होता. त्याला ना भिवा माहीत होता ना कडूबा. माणूस खाली उतरेपर्यंत ती तिथून हलली नाही. तो उतरला, भुजंगने हाताच्या पंजाने अक्षर पुसलं आणि मग ती टपरीवर परत आली.

कडूबाच्या लेकीचा नंबर भुजंगकडेच होता. "शीतलताईचा हाय. सांजच्याला लावा. तात्या जेवून खाटंवर बसलेले असत्यात तवा. ऐकायला बराबर येतंय त्यायला, फक्त उलटून लवकर बोलत न्हाईत."

हे सगळं घरी येऊन भिवाला सांगितलं तेव्हा त्याने डीपीचं तीनदा विचारलं. अक्षर केवढं होतं. रेघ आधी काढतात का मागून. पुसतात कशाने. मग भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. कडूबा परतूरला आहे, नंबर मिळालाय, हे तिने सांगितलं त्यावर तो काहीच बोलला नाही.

आज गुरुवार होता. मोनालीचे सकाळपासून चार मेसेज येऊन पडले होते. शेवटचा असा की उद्या दहाला फाइल जाईल, आई, काहीतरी कळव. भावनाने संध्याकाळचा स्वयंपाक उरकला आणि फोन पुढ्यात घेऊन बसली. नेहमीच्या शंका रांगेने आल्या. शीतल म्हणेल, तुम्ही कोण, इतक्या वर्षांनी काय काम काढलं. कडूबा काका म्हणतील, माझं नाव नको, मीच तर मालकाचं जुळवलं होतं. किंवा त्यांना वाटेल, नाव लावून मोठं व्हायला निघाली पोरगी. किंवा नुसतं ऐकतील आणि काहीच बोलणार नाहीत, आणि ते सर्वांत वाईट. बाबांना कळलं की आपल्या पाठीमागे विचारलं, तर ते आयुष्यभर बोलणार नाहीत. न बोलण्यात त्यांचा हात कोण धरणार.

मग तिला बाबांचं वाक्य पुन्हा आठवलं, आणि या वेळी ग्रंथपालासारखं, शब्दाला शब्द लावून आठवलं. त्याला विचारल्याशिवाय नाही, असं ते म्हणाले होते. मी विचारणार नाही, असंही म्हणाले होते. तू विचारू नकोस, असं मात्र म्हणाले नव्हते. ओट्यावर म्हणाले नव्हते, आणि काल नंबर मिळाल्याचं सांगितल्यावरही म्हणाले नव्हते. भिवाला नको असलेली गोष्ट तो ताबडतोब नको म्हणतो. हे त्याच्या घरात वाढलेल्या तिला माहीत नसेल तर कुणाला.

साडेसात वाजले होते. परतूरला जेवणं झाली असतील, काका खाटेवर बसले असतील, अजून झोपले नसतील. नावांचं विचारायचंच, पण ते मागून. आधी डीपीचं सांगू, तिने ठरवलं. मग पाचव्या अंकाचं. ते काही बोलले नाहीत तर आपणही थांबू, कितीही वेळ लागला तरी. फोन आपण ठेवायचा नाही. आणि बोलले तर विचारू, बाबांना फोन देऊ का.

मोनालीला नंतर कळवता येईल. भावना उठली, चप्पल घातली आणि दोन गल्ल्या पलीकडे निघाली. फोन तिथूनच लावायचा होता, बाबांच्या ओट्यावरून.